खांद्यावरची घोंगडी

संस्थानाची राजवट जाऊन चार-पाच वर्षं झाली होती, तरी आमच्या भागात कुणी कुणावर चटकन विश्वास ठेवत नव्हतं. मी तर मुळातच संशयी. पिंगळीच्या शाळेत मास्तर म्हणून रुजू झालो तेव्हा मला चहा पाजणारा प्रत्येक माणूस कुणाचा तरी हेर वाटायचा.

बाजाराच्या दिवशी सालगड्यांना अर्धा दिवस सुट्टी असे. त्या दुपारी मी मोठ्या माणसांना लिहायला शिकवायचो. गिरवून कंटाळले की इतिहास सांगायचो. एकदा अमेरिकेतल्या गुलामांचा सांगितला. कापसाच्या शेतांवर राबायला माणसं विकत घेत. नवरा एकाला विकत, बायको दुसऱ्याला. दक्षिणेतल्या राज्यांना गुलामगिरी हवी होती, उत्तरेतल्यांना नको होती. तरीही पळालेला गुलाम उत्तरेत सापडला तर परत धाडायचा, असा कायदा साऱ्या देशासाठी झाला. लपवणाऱ्याला शिक्षा. तरीही काहीजण पळालेल्यांना दार उघडतच. हे भांडण वाढत वाढत शेवटी लढाईवर गेलं.

मागे बसलेल्या एका सालगड्याने विचारलं, "गुर्जी, दार उघडनाऱ्याला भ्याव वाटत नसंल?"

"वाटत असेल. तरी उघडायचे," मी रुबाबात म्हणालो.

तो धनगराच्या घरचा. गावातल्या बड्या मालकाकडे त्याने साल धरलं होतं. दुसऱ्याच दिवशी त्या मालकाने मला बोलावून घेतलं.

"मास्तर, ही अमेरिका कोन्त्या शिवारात येती म्हनं? आमच्या गड्यांच्या डोक्यात काय भरायलाव तुमी?"

मी पुस्तक दाखवलं. त्यांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि बदलीची गावं लय लांब असतात, एवढंच म्हणाले. माझी नोकरी अजून पक्की व्हायची होती. चुगली कुणी केली? प्रश्न विचारणाऱ्यानेच, असं मी वाटेतच ठरवून टाकलं.

आमच्याकडे पाडव्याला साल धरताना मालक गड्याला घोंगडी देतो. साल मोडायचं तर ती परत करायची. घोंगडी खांद्यावर आहे तोवर माणूस मालकाचा.

कापूस वेचणीच्या दिवसांत एका भरदुपारी तो माझ्या दारात उभा राहिला. धापा टाकत होता आणि खांद्यावर घोंगडी होती.

"गुर्जी, मालकानं मला बैलजोडीसंगं त्येंच्या सोनपेठच्या जावयाला देऊन टाकलंय. इचारलं बी न्हाई. बायकोला हितंच वाड्यावर ठिवनार हायेत. तिला मी सकाळीच माहेरी धाडली. आता गाडी येईस्तोवर मला आत बसू द्या. लोकं हुडकायलेत."

माझी नजर घोंगडीवरून हलेना. साल मोडलेला माणूस ती घेऊन कशाला पळेल? मालकानेच याला धाडलाय, मला पकडायला. माझी खात्रीच पटली.

"मला यातलं काही सांगू नकोस. मालकांकडे जा," म्हणालो आणि कडी लावून घेतली. आपण फसलो नाही म्हणून खूशही झालो, हे कबूल करतो.

स्टेशनच्या वाटेवरच मालकाच्या माणसांनी त्याला धरलं आणि बैलगाडीत घालून सोनपेठला नेलं. हे मला संध्याकाळी कळलं. तरी माझा संशय फिटला नाही. हेही नाटकच असेल, असं वाटत राहिलं.

दोन दिवसांनी मालकांनी पुन्हा बोलावलं. त्यांच्या गोठ्यात खुंटीवर एक घोंगडी होती, नीट घडी घातलेली.

"त्याचीच," मालक म्हणाले. "पळायच्या आधी आठवनीनं ठिवून गेला."

"मग खांद्यावर होती ती?"

"ती त्याच्या मायनं कातलेल्या लोकरीची. धनगराच्या घरी घोंगडीला काय तोटा?" मग त्यांनी चहा पुढे सरकवला. "तुमी त्याला आत घेतलं न्हाई, कळलं आमाला. बदलीचं मनातून काढून टाका."

मला स्वतःची शिसारी आली. चहा मात्र मी पूर्ण प्यालो.

पुढच्या बाजाराला वर्गात त्याची जागा रिकामी होती. गडी म्हणाले, अमेरिकेचं पुढचं सांगा. मी बाराखडी गिरवून घेतली.