बू मुबारकच्या बैठकीतला भरलेला कप

मुहर्रक या आखाती अरब शहरातल्या मोतीवाल्या गल्लीत बू मुबारक राहतो. बू मुबारक म्हणजे मुबारकचा बाप. त्याचं स्वतःचं नाव काय, हे त्याच्या बायकोलाही जरा विचार करूनच सांगावं लागेल.

त्याच्या बैठकीचं दार गेल्या चाळीस वर्षांत दिवसाउजेडी कधी लागलं नाही. आत बसायला मात्र अलीकडे कोणी उरलं नव्हतं. समोरच्या बू हमदने नवी बैठक बांधून भिंतभर टीव्ही लावला, आणि बू मुबारकचे सगळे सोबती फुटबॉल बघायला तिकडे पळाले. तरी हा रोज कहवा, म्हणजे अरबी कॉफी, उकळायचा, किटली घेऊन एकटाच बसायचा, आणि बाहेरून कोणी बघेल म्हणून मधूनच मोठ्याने हसायचा.

"गाद्यांना कहवा पाजताय?" त्याची बायको, म्हणजे मुबारकची आई उम्म मुबारक, पडद्याआडून विचारायची.

"येतील गं. आत्ताच नमाज सुटलीय."

"कालही सुटली होती."

आणि एका हिवाळी दुपारी खरंच चार जण आले. गोरे, लालबुंद, गळ्यात कॅमेरे. शेजारच्या मोती व्यापाऱ्याच्या घराचं नुकतंच संग्रहालय झालं होतं. तिथे जायचे ते उघडं दार बघून इकडे शिरले. त्यांनी छताच्या तुळया बघितल्या, गालिचा बघितला, मग वाकून बू मुबारकचं नाक बघितलं.

दुसऱ्या कोणी विचारलं असतं, बाबांनो, काय काम काढलंत? पण पाहुण्याला तीन दिवस येण्याचं कारण विचारायचं नाही, ही बू मुबारकला बापाची शिकवण. त्याने कहवा ओतला. पुरे झालं की कप हलवून परत द्यायचा, हे त्या बिचाऱ्यांना कुठलं ठाऊक. ते पीत गेले, हा ओतत गेला. एक जाड्या बाई अकरा कप प्यायल्या. मग त्यांचे हातच इतके थरथरू लागले की कप आपोआप हलला, आणि बू मुबारकने समाधानाने तो परत घेतला.

दुसऱ्या दिवशी नऊ जण आले.

"अहो, त्यांना वाटतंय आपणच संग्रहालय," उम्म मुबारक म्हणाली.

"पाहुण्यांना कारण विचारू नये."

"मी पाहुण्यांना कुठे विचारतेय, तुम्हाला सांगतेय. काल एकाने तुमची दाढी ओढून बघितली."

"आदराने ओढली."

ही गंमत बघायला जुने सोबतीही परतले. तीन आठवडे बैठकीत बसायला जागा नव्हती. मग एका संध्याकाळी संग्रहालयाचा राखणदार फरहान आला. काखेत बाण काढलेली एक मोठी पाटी होती. ती भिंतीला टेकवून तो बसला, कहवा घेतला, आणि कप तसाच भरलेला खाली ठेवला.

सगळ्यांच्या नजरा त्या कपाकडे वळल्या. पाहुण्याने भरला कप खाली ठेवला म्हणजे त्याला काही मागायचं असतं. मागणं ऐकण्याआधीच यजमानाने 'पी, दिलं' म्हणायचं. नाही म्हटलं तर गल्लीत तोंड दाखवायची सोय राहत नाही.

बू मुबारकने पाटीकडे बघितलं. मग छताकडे.

"हवा बरी आहे," तो म्हणाला.

"बरी आहे, काका."

"आई बरी?"

"बरी."

"बकऱ्या?"

"बकऱ्या आम्ही कधी पाळल्याच नाहीत, काका."

"पाळ. चांगल्या असतात."

कहवा निवला. कपाच्या काठावर माशी येऊन बसली. पडद्यामागून उम्म मुबारक खोकली. शेवटी बू मुबारकने डोळे मिटले. "पी बाबा. मागशील ते दिलं."

फरहानने माशी उडवून कप एका घोटात संपवला. "ही पाटी तुमच्या दारावर लावतो. तीन आठवड्यांत माझ्याकडे फक्त एक मांजर आलं, काका. तेही आत न येता गेलं."

पाटी लागली. बाण बघून पाहुणे पुढच्या दारी जाऊ लागले. तिसऱ्या दिवशी सोबतीही फुटबॉलकडे गेले, आणि बू मुबारक पुन्हा एकटा हसू लागला.

चौथ्या दिवशी उम्म मुबारकने बाहेर जायचा काळा अबाया चढवला.

"कुठे निघालीस?"

"संग्रहालय बघायला. एवढी वर्षं शेजारी राहून ते घर आतून बघितलं नाही."

फरहानने मानाने खुर्ची दिली, स्वतःच्या थर्मासमधला कहवा दिला. तिने कप भरलेलाच टेबलावर ठेवला.

फरहानचा चेहरा उतरला. "काकू, आधी गरम गरम घ्या ना."

"मला घाई नाही."

"हवा बरी आहे."

"बकऱ्यांपर्यंत जाऊ नकोस, पोरा. सगळं मी पडद्याआडून ऐकलंय."

फरहानने सुस्कारा सोडला. "प्या, काकू. दिलं."

तिचं मागणं एवढंसंच होतं. पाटी राहू दे. पण संग्रहालयाचं मागचं दार बू मुबारकच्या अंगणात उघडतं, पाहुण्यांना तिथून बाहेर काढायचं.

आता ते सोळा खोल्या बघून, पाय दुखवून येतात, आणि गादी दिसली की धपकन बसतात. आधीपेक्षा जास्त वेळ बसतात. कुलूप लावून फरहानही येतो.

परवा तर खुद्द बू हमद आला. टीव्ही बिघडलाय का, असं कोणीतरी कुजबुजलं. बू मुबारकने कारण विचारलं नाही. त्याने फक्त कहवा ओतला. बू हमदने तासभर कप हलवला नाही, आणि तेवढ्या वेळात दोन कॅमेरेवाल्या बायकांनी वाकून त्याचं नाक बघून घेतलं.