कोहळ्यावरचा पहिला घाव

आमच्याकडे अख्खं कोहळं, म्हणजे लाल भोपळा, बाईनं चिरायचं नसतं. कोहळं म्हणजे घरातला थोरला मुलगा, असं मानतात. पहिला घाव पुरुषानं घालायचा, मग बाईनं पुढं त्याचं काय हवं ते करावं. तीस वर्षं मी शाळेत विज्ञान शिकवलं, वर्गात असल्या गोष्टींची टर उडवली, आणि घरी येऊन नवऱ्याच्या हातात मुकाट्यानं सुरी दिली. उगीच विषाची परीक्षा कशाला घ्या.

नवरा, म्हणजे सासूबाईंचा थोरला, जाऊन गेल्या वर्षी चार वर्षं झाली. तेव्हापासून घरात कोहळ्याची बोंडं झाली नव्हती. पूर्वी आषाढ लागला की सासूबाई डबाभर तळायच्या. किसलेलं कोहळं गुळात आटवायचं, त्यात मावेल तेवढीच कणीक, वेलची, थोडं जायफळ, आणि मंद आचेवर तळण. वरून कडक, आतून मऊ. आमचा एकुलता एक मुलगा पुण्याला असतो. त्यानं फोनवर सांगितलं, "आई, शनिवारी येऊन राहिलो. आजीचे बोंडं कर ना." मी कशाला नाही म्हणते?

विकतच्या फोडींची बोंडं पाणचट होतात, म्हणून जरीपटक्याच्या बाजारातून अख्खं कोहळं आणलं. भाजीवाल्याकडून एक घाव घालून घ्यायचा, तेवढं विसरले. शनिवारी ओट्याशी उभी राहिले तेव्हा ते ध्यानात आलं. शेजारच्या भाऊजींकडे गेले, तर दाराला कुलूप. खाली वॉचमनची खुर्ची रिकामी. बारा वाजत आले होते. मुलगा मित्राच्या गाडीनं पहाटेच निघाला होता आणि चारला पोचणार होता. भाजीच आहे बाई ती, असं मनाशी म्हटलं आणि सुरी घातली.

सुरी अर्ध्यात अडकली. दोन्ही हातांनी दाबली तेव्हा कोहळं कडकन उकललं. आतल्या खोलीतून सासूबाईंनी विचारलं, "कोणं चिरलं वं?"

"शेजारचे भाऊजी आले होते," मी म्हटलं.

मी फोडी करून किसायला घेतल्या.

एक वाजता मुलाला सहज फोन लावला. बंद. दोनला लावला, बंद. मित्राचा नंबर माझ्याकडे नव्हता, कधी मागितलाच नव्हता. मी कीस आटवत होते. तीनला टीव्ही लावला, तर खालच्या पट्टीत महामार्गावरच्या कुठल्याशा अपघाताची बातमी सरकत होती. गावाचं नाव वाचेपर्यंत ती निघून गेली. मी टीव्ही बंद केला आणि पुन्हा लावायची माझी हिंमत झाली नाही. चार वाजले, पाच वाजले. शिकवलेलं सगळं विज्ञान आठवत होतं, पण त्यातलं काहीच कामी येत नव्हतं. माझ्या हातानं मी माझ्या मुलाचं वाईट केलं, एवढंच डोक्यात फिरत होतं.

साडेपाचला सासूबाईंच्या पलंगाशी जाऊन बसले. "आई, मी खोटं बोलले. कोहळं मीच चिरलं. आता त्याचा फोन लागत नाही."

"मले माहीत आहे. भाऊजी कालच गावाले गेले, मले सांगून गेले."

"मग बोलल्या काहून नाही?"

त्या पदराचं टोक चाचपत म्हणाल्या, "काय बोलू? त्या वर्षी मीच चिरलं होतं. तू शाळेत, तो हापिसात. वाट पाहाचा कंटाळा आला मले. आठ दिवसांत माहा पोरगा गेला. तुले कोणत्या तोंडानं सांगू?"

मला वाटत होतं, त्यांना आता तळण झेपत नाही म्हणून बोंडं बंद झाली. चार वर्षं त्या हे एकट्याच गिळून बसल्या होत्या आणि मी शेजारच्या खोलीत झोपत होते. मला स्वतःचीच लाज वाटली.

"आई, ह्यांच्या हृदयाच्या नळ्या बंद झाल्या होत्या. डॉक्टरांनी दाखवलं होतं ना आपल्याला. कोहळ्यानं माणूस मरत नाही."

असं म्हणत मी पुन्हा फोन लावला, तर तो अजून बंदच सांगत होता. त्यांनी माझा हात धरला. दोघी तशाच बसून राहिलो.

सव्वासहाला बेल वाजली. मुलगा दारात उभा होता. गाडी पंक्चर झाली, फोनची बॅटरी गेली, भूक लागली, हे त्यानं एका दमात सांगितलं. मी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि रडले. मग बोंडं तळली. सासूबाईंनी चार वर्षांनी एक तोंडात घातलं आणि गूळ कमी पडला म्हणाल्या.

यंदा आषाढात पुन्हा अख्खं कोहळं आणलं. मुलगा घरी होता. तो सवयीनं सुरी उचलायला गेला, तशा सासूबाई म्हणाल्या, "तू बस गा इकडं. दे ते तुह्या आईले."

मी चिरलं. भीती गेली असं म्हणणार नाही. सुरी खाली जात होती तेव्हा सासूबाईंनी त्याचं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं, आणि मीही कोहळ्याकडे नाही, त्याच्याकडेच पाहत होते.