काळी बिअर आणि खरवड

आज भात बुडाला लागला, आणि त्या करपट वासासरशी बाबा आठवले. तेव्हा आई जाऊन वर्ष झालं होतं. मुंबईतल्या एका छोट्या ब्रुअरीतली काळी बिअर घेऊन मी गावी, मांडव्याला उतरले होते. पडवीत बसून, जरा भीतभीतच, बाबांच्या हाती पेला दिला. एरवी माडी पिणाऱ्या बाबांनी घोट जिभेवर घोळवला. "कडू हाय," म्हणाले. मग थांबून, "मागनं गोड लागतंय. तुज्या आयची खरवड." सगळ्यांना वाढून झालं की आई पातेल्याच्या बुडाचा करपलेला भात खरवडून खायची. "मला आवडतो," म्हणायची, आणि आम्हाला ते कधीच खरं वाटलं नव्हतं. बाबांनी आणखी एक घोट घेतला. "म्हंजे खोटं बोलत न्हवती ती," ते हळूच म्हणाले. आज मी पातेलं भिजत घातलं नाही. चमचा घेऊन बसले.