नाटककाराचं रेशनकार्ड

नांदेडात आमच्या नाटककाराचा पत्ता शोधायला निघाले तेव्हा वाटलं, आठ दिवसांचं काम. एवढा मोठा माणूस, उमेदीची पाच-सहा वर्षं या शहरात काढलेली. कागद सापडणारच की! दीड वर्ष झालं. चपला झिजल्या अन् माझं डोकं पार कामातून गेलं.

स्मरणग्रंथाच्या समितीनं माझ्यावर एक प्रकरण टाकलं होतं, नाटककाराच्या नांदेडातल्या दिवसांचं. अध्यक्ष म्हणायचे, ते एका प्राध्यापकांच्या बंगल्यात राहत. ते प्राध्यापक अध्यक्षांचे मामा, हे वेगळं सांगायला नकोच. अन् आता लातूरला लेकीकडे राहणाऱ्या एक काकू सांगायच्या की ते त्यांच्या हॉटेलामागच्या खोलीत राहत. काकूंचे मालक, म्हणजे यजमान, मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, चहाचं हॉटेल चालवायचे. ते वारून बरीच वर्षं झाली. "बाई, आमच्या मालकाचं नाव एका ओळीत तरी येऊ द्या. माझे डोळे मिटायच्या आत," एवढंच काकूंचं मागणं. अध्यक्षांचं एकच पालुपद, पुरावा आणा.

आणते ना! घरपट्टीच्या वहीत घरमालकांची नावं, भाडेकरूंना कोण विचारतो? मतदारयादीत त्यांचं नाव जळकोटकडच्या गावी. वाचनालयाच्या नोंदीत पत्ता नुसता 'मोंढा'. एका दफ्तरात म्हणाले, वाळवीनं खाल्लं. दुसऱ्यात म्हणाले, उद्या या. उद्या गेले तर सुट्टी. सरकारी काम अन् सहा महिने थांब म्हणतात, इथं सहा महिन्यांत कपाटाची किल्लीसुद्धा सापडत नाही. पुरवठा खात्याचं रेशनकार्डांचं जुनं रजिस्टर तेवढं मिळालं. त्यांच्या आडनावावर बोट ठेवायचं म्हणून पानन् पान चाळलं. नाहीच.

शेवटी जमत नाही असं सांगायलाच लातूरची बस धरली. काकूंनी चहा पुढं केला अन् मी मात्र वैतागून जरा जास्तच बोलले. "काकू, नुसत्या आठवणींवर कुणी छापत नाही हो! एखादं चिठोरं तरी असेल की नाही तुमच्याकडं?"

काकू उठल्या. मग आत गेल्या, देवाची पेटी उघडली अन् एक रेशनकार्ड आणून माझ्या मांडीवर ठेवलं. कडेला विभूतीची बोटं उमटलेली. चौथ्या ओळीत नाटककाराचं नाव, पुढं काकूंचं आडनाव. नात्याच्या रकान्यात 'भाऊ'.

"एकट्या माणसाला कार्ड देईनात तवा. त्या खोलीत लाईट न्हाई. लिवायला बसायचं तर कंदिलाला रॉकेल पायजे न्हवं का? मग मालकानं धाकटा भाऊ म्हणून नाव लावलं."

काखेत कळसा अन् गावाला वळसा! म्हणजे रजिस्टरात ते होतेच. मीच त्यांच्या खऱ्या आडनावामागं धावत बोट पुढं सरकवलं होतं. "अहो मग दीड वर्ष का नाही दाखवलं?" मी ओरडलेच.

"खोटं नाव लावलं की वो बाई! लई भ्या वाटायचं. मालकाचं नाव पुस्तकात यायचं सोडून सरकारात गेलं तर?"

हसू आलं, लगेच भरूनही आलं. तिथूनच अध्यक्षांना फोन लावला. सगळं ऐकून ते म्हणाले, "पण आडनाव जुळत नाही. हा पुरावा कसा?" कपाळ माझं! मी फोन बंद केला. तरी राग जाईना, म्हणून कार्डच न्याहाळत बसले. काकूंच्या मालकाच्या नावावर लाल रेघ होती, माणूस गेला की मारतात तशी. लग्न होऊन गेलेल्या लेकीच्या नावावरही होती. नाटककाराच्या नावावर नव्हती.

"काकू, ते मुंबईला गेले, मोठे झाले. तरी नाव कमी नाही केलं?"

"मी म्हणलं होतं. तर मालक माझ्यावरच खेकसले. म्हणले, भाऊ परगावी गेला म्हणून घरातनं नाव काढतात व्हय?"

"हे छापू?"

काकूंनी कार्डावरून एकदा हात फिरवला. "छापा," म्हणाल्या.

प्रकरणाची सुरुवात मी मालकांच्या त्या बोलण्यानं केली अन् खाली त्यांचं पूर्ण नाव घातलं. अध्यक्षांना कळवलंय, ही ओळ काढायची असेल तर प्रकरणावरचं माझं नावही काढा.