मऊ गाभ्याचा तारा

वडील रेल्वेत होते. त्यांची चेन्नईला बदली झाली तेव्हा मी नववीत होते. निवृत्तीनंतर आई-वडील साताऱ्याला परत गेले, मी मात्र इथेच राहिले. मला मेलेल्या ताऱ्यांवर संशोधन करायचं होतं आणि त्या विषयातला ज्यांच्या हाताखाली शिकावं असा माणूस याच शहरात होता.

सर तंजावरकडच्या जुन्या मराठी घराण्यातले. संस्थेत सगळ्यांशी इंग्रजीत बोलत, कँटीनमध्ये तमिळमध्ये. मी पहिल्यांदा भेटायला गेले तेव्हा माझं आडनाव ऐकून त्यांनी विचारलं, "तुज मराठी येतं कीं?" मी हो म्हटलं आणि चार वाक्यं बोलले, तर ते हसायला लागले. माझं मराठी त्यांना वर्तमानपत्रासारखं वाटलं. मला त्यांचं मराठी तमिळ हेलातल्या जुन्या बखरीसारखं वाटलं होतं, पण ते मी बोलले नाही. त्या दिवसापासून माझ्याशी ते मराठीतच बोलू लागले, अगदी फिजिक्ससुद्धा.

ज्याच्यावर ते आयुष्यभर काम करत होते तो न्यूट्रॉन तारा म्हणजे काय, हे मी घरच्यांना नेहमी इथल्याच नकाशावर समजावून सांगायची. मोठ्या ताऱ्याचं इंधन संपलं की तो आत कोसळतो, बाहेरचे थर उडून जातात आणि मागे एक गोळा उरतो. त्याचं एक टोक जॉर्ज टाउनमध्ये ठेवलं तर दुसरं उत्तरेला गुम्मिडिपूंडीच्या निम्म्या वाटेवर, वीस-बावीस किलोमीटरवर येईल, एवढाच तो रुंद. पण त्यात आपल्या अख्ख्या सूर्याहून जास्त द्रव्य ठासून भरलेलं असतं. त्याच्या गाभ्यात काय आहे हे कुणी पाहिलेलं नाही, पाहणं शक्यही नाही. कागदावर गणित मांडायचं आणि वाट पाहायची.

सरांचं गणित असं सांगत होतं की तिथल्या प्रचंड दाबाखाली न्यूट्रॉनचं रूपांतर एका वेगळ्या, मऊ द्रव्यात होतं. गाभा मऊ, त्यामुळे तारा फार वजन पेलू शकत नाही. दीड सूर्याच्या थोडं वर गेलं की तो पुन्हा कोसळतो आणि कृष्णविवर होतो. तोवर वजन नीट मोजलं गेलेले सगळे तारे त्या मर्यादेच्या आत बसत होते. परदेशातली माणसं त्यांच्या मॉडेलवर पेपर लिहीत. मीही त्याच मॉडेलवर प्रबंध करत होते.

शनिवारी दुपारी मी त्यांच्या घरी जेवायला जायची. नुंगंबाक्कममधल्या एका गल्लीत पहिल्या मजल्यावर भाड्याचं घर होतं. खाली झेरॉक्सचं दुकान, त्यामुळे जिन्यात सतत शाईचा वास. सरांच्या पत्नीला आम्ही विद्यार्थी मामी म्हणत असू. हॉलमध्ये दोन वेण्या घातलेल्या, केसांत अबोलीचा गजरा माळलेल्या एका मुलीचा फोटो होता आणि त्याला चंदनाचा हार घातलेला. ती कोण, हे मी कधी विचारलं नाही. एका शनिवारी सर अजून आले नव्हते, मामी घेवड्याच्या शेंगा निवडत होत्या, आणि त्यांनी आपणहूनच सांगायला सुरुवात केली.

मुलगी दुसरीत होती. सर काही महिन्यांसाठी जर्मनीला गेले होते. तिथे मोठा संगणक होता आणि मऊ गाभ्याचं ते गणित तिथेच होणार होतं. इकडे मुलीला ताप आला. त्यांनी फोनवर विचारलं, येऊ का? मामी म्हणाल्या, साधा ताप आहे, काम पुरं करून या. तो साधा ताप नव्हता, मेंदूपर्यंत गेला. सर पोचले तेव्हा घरात फक्त नातेवाईक उरले होते.

हे सांगताना त्यांचा आवाज बदलला नाही, शेंगांवरचे हातही थांबले नाहीत. शेवटी एवढंच म्हणाल्या की काम फार मोठं होतं, त्यांच्यासारखं जगात दुसऱ्या कुणाला जमलं नसतं, सगळे तसंच सांगतात. जिन्यात सरांची पावलं वाजली आणि त्या पानं मांडायला उठल्या.

माझं चौथं वर्ष चालू असताना ती बातमी आली. सकाळी सरांनी मला खोलीत बोलावलं, मॉनिटर माझ्याकडे वळवला आणि वाच म्हणाले. एक न्यूट्रॉन तारा आणि एक श्वेत बटू एकमेकांभोवती फिरत होते. श्वेत बटू म्हणजे आपल्या सूर्यासारख्या लहान ताऱ्याचा उरलेला अवशेष. न्यूट्रॉन ताऱ्याकडून येणारे रेडिओचे ठोके या सोबत्याच्या जवळून जाताना किंचित रेंगाळतात. त्या उशिरावरून दोघांचंही वजन काढता येतं, आणि त्यात कुणाच्या मताला जागा नसते. या न्यूट्रॉन ताऱ्याचं वजन जवळजवळ दोन सूर्यांइतकं भरलं होतं.

"कोठें चूक सापडती का पाहा," सर म्हणाले.

मी दुपारपर्यंत पाहिलं. आलेख पाहिले, मोजणीची पद्धत पाहिली, जुने संदर्भ काढले. चूक असावी असं मला मनापासून वाटत होतं, कारण माझाही प्रबंध त्याच गणितावर उभा होता. पण मापन स्वच्छ होतं. मी परत गेले तेव्हा सर डब्यातला दहीभात खात होते. तू जेवलीस का, असं त्यांनी विचारलं. मी काही सापडलं नाही म्हटलं. त्यांनी डबा धुवून आणला, पुसला, पिशवीत ठेवला आणि मग बोलले.

"आपला तारा इतकं वजन उचलत नाही. तूं हें सोड. आजच सोड."

संध्याकाळच्या आत त्यांनी मला एका दुसऱ्या प्राध्यापकांकडे नेऊन पोचवलं. ते श्वेत बटूंवर काम करत. माझ्या आधीच्या कामातलं जेमतेम एक प्रकरण वापरता आलं, बाकीचं पुन्हा करावं लागलं. वसतिगृहावर येऊन मी खूप रडले, पण सरांवर रागावावं असं त्यात काही नव्हतं. त्यांनी मला फसवलं नव्हतं, आकाशात जे होतं ते त्यांनी मानलं होतं तसं नव्हतं, एवढंच.

पुढच्याच आठवड्यात त्यांनी स्वतःहून व्याख्यान ठेवलं. पडद्यावर आलेख लावला. प्रत्येक सिद्धांताची एक रेघ, आणि वर नव्या वजनाचा आडवा पट्टा. ज्या रेघा पट्ट्यापर्यंत पोचत नव्हत्या त्या बाद. पट्ट्याच्या बऱ्याच खाली थांबणाऱ्या रेघेकडे बोट दाखवून ते म्हणाले, ही माझी. एका तरुणाने विचारलं, एक-दोन आकडे बदलून ती वर नेता येणार नाही का? येईल, सर म्हणाले, पण मग तो सिद्धांत राहणार नाही, ठिगळ होईल. लोकांनी टाळ्या वाजवल्या. काही दिवस त्यांच्या प्रामाणिकपणाचं कौतुक चाललं. त्यानंतर परिषदांची आमंत्रणं येईनाशी झाली, आणि लवकरच ते निवृत्त झाले.

निवृत्तीनंतर ते घरी बसून तेच ठिगळ लावू लागले. भर व्याख्यानात ज्याला नको म्हणाले होते, तेच करत होते. गाभा थोडा ताठ करायचा, रेघ वर जायची, पण मग ताऱ्याचा आकार भलताच व्हायचा. पुन्हा पहिल्यापासून. मी शनिवारी गेले की मला कागद दाखवत आणि माझ्या चेहऱ्याकडे बघत राहत. मला त्या कागदांत काहीही नवं दिसत नसे.

एक दिवस मामींचा फोन आला. घरी नको, कोपऱ्यावरच्या हॉटेलात ये, म्हणाल्या. मी पोचले तेव्हा त्या कॉफी मागवून बसल्या होत्या. इकडचं तिकडचं काही न बोलता त्यांनी सरळ विचारलं.

"ते मज काहीं सांगत नाहींत. तूं सांग. जर्मनींत त्यांनीं जें केलं, तें गेलं का?"

मी म्हणाले की शास्त्रात असं होतंच, त्यांच्या गणितामुळेच लोकांनी जड ताऱ्यांचा शोध घेतला, एक शक्यता बाद होणं हेही ज्ञानच असतं. यातलं काहीही खोटं नव्हतं. मामींनी सगळं ऐकून घेतलं.

"गेलं का?" त्यांनी पुन्हा विचारलं.

"गेलं," मी म्हटलं.

त्यांनी टंबलरमधली कॉफी वाटीत ओतली, पुन्हा टंबलरमध्ये घेतली, पण प्यायल्या नाहीत. म्हणाल्या, "मीच सांगितलं होतं, पुरं करून या." मग पदर नीट केला आणि हे विचारल्याचं त्यांना सांगू नकोस, एवढं बजावून निघून गेल्या. दुसरं काय बोलता आलं असतं, याचा मी आजवर विचार केला आहे. तसं काही सापडलेलं नाही.

त्यानंतर मामी सरांशी भांडल्या नाहीत. बोलायच्या थांबल्या. स्वयंपाक व्हायचा, कपडे धुतले जायचे, पण सरांनी गणिताचे कागद पसरले की त्या पायात चपला घालून खाली निघून जात आणि देवळाच्या ओट्यावर बसून राहत. सर एकटेच गार झालेलं जेवत. ते मला विचारत, हिची तब्येत बरी नाही का, तुझ्याशी काही बोलते का? मी नाही म्हणायची. खरं कारण सांगितलं असतं तर सर कसे जगले असते, मला माहीत नव्हतं.

मग त्यांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली आणि भाषाही गेल्या. इंग्रजी पार पुसली गेली, तमिळ अडखळत यायचं, उरलं ते घरचं मराठी. इस्पितळातल्या नर्सला एक शब्द कळायचा नाही. पाणी हवंय, कूस बदलायची आहे, हे सगळं मामींनाच सांगावं लागायचं. असे ते दोघं पुन्हा बोलू लागले, तेही एवढ्यापुरतंच.

मी एकदा भेटायला गेले तेव्हा मामी त्यांना कंजी, म्हणजे तांदळाची पेज, भरवत होत्या. दोन-तीन घास झाल्यावर सरांनी डाव्या हाताने चमचा अडवला.

"तूं मजशीं कां बोलत नाहींस?" ते म्हणाले. जीभ जड होती, पण शब्द स्पष्ट ऐकू आले.

मामींनी माझ्याकडे पाहिलं नाही. मग त्यांच्या हनुवटीवर सांडलेलं पुसलं आणि म्हणाल्या, "कंजी निवतीय. घ्या." सरांनी तोंड उघडलं.

चैत्राच्या उन्हाळ्यात ते गेले. संस्थेने शोकसभा घेतली. बोलणाऱ्यांनी त्यांच्या प्रामाणिकपणाचा, त्या व्याख्यानाचा उल्लेख केला. मऊ गाभ्याबद्दल कुणी बोललं नाही. बोलण्यासारखं आता उरलं नव्हतं. नंतर त्याहूनही भारी तारे सापडले होते. मामी पहिल्या रांगेत बसल्या होत्या. सभा संपल्यावर लोक पुढे येऊन त्यांना नमस्कार करत होते आणि त्या प्रत्येकाला परवाइल्ले, परवाइल्ले, असू द्या, असू द्या, म्हणत होत्या, जणू तेच कसली तरी माफी मागत होते.

घर सोडून त्या तंजावरला भावाकडे राहायला निघाल्या. मी एग्मोर स्टेशनवर पोचवायला गेले. सामान थोडंच होतं. खिडकीजवळ बसल्यावर त्यांनी विचारलं की मी अजून तेच काम करते का. मी सांगितलं की संशोधन केव्हाच सुटलं, शहराच्या उत्तरेला एका इंजिनियरिंग कॉलेजात पहिल्या वर्षाला फिजिक्स शिकवते, अभ्यासक्रमात तारे नाहीत.

"बरं झालं," त्या म्हणाल्या.

मला ते लागलं. त्या मला टाकून बोलल्या नव्हत्या, हे कळत असूनही लागलं. मी पाण्याची बाटली आणून दिली, शेजारच्या बाईंना तमिळमध्ये सांगितलं की यांना गुडघ्याचा त्रास आहे, उतरताना हात द्या. गाडी हलली तेव्हा मी हात वर केला. मामी समोरच्या बाईंना तिकीट दाखवत होत्या, आपला बर्थ हाच ना, याची खात्री करून घेत होत्या.