दोन फूट आणि चार इंच

त्याला सगळे सरळरेघ म्हणत. दोरी न लावता तो भिंतीवर वीस फूट रेघ ओढायचा आणि ती कुठं हलायची नाही. शाळेत तो टिकला नाही. अक्षरं शिकला ती भिंतींवरच, म्हणून त्यांचा मान जिवापाड ठेवायचा. एक वेलांटी बिघडली तर अख्खी ओळ पुसून पुन्हा लिहिणारा माणूस.

त्याचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ, पाण्याचे पंप विकायचा. पंप बनवणारी कंपनी दूरची. हा नुसता आणून विकणारा. दुकान चालावं म्हणून त्यानं रस्त्याकडेच्या चाळीस भिंती सरळरेघेकडून रंगवून घेतल्या. वर दोन फुटी अक्षरांत कंपनीचं नाव, खाली चार इंचांत दुकानाचं नाव आणि फोन नंबर. सरळरेघेनं पक्कं बिल दिलं, बिलावरचा कर सरकारात भरला. मेहुण्यानं तेवढा कर आपल्या करातून वजा करून घेतला. रीतच ती.

दोन वर्षांनी मेहुण्याला करखात्याची नोटीस आली. पंप कंपनीचे, जाहिरात कंपनीची, तुम्ही फक्त विकता. मग वजावट तुमची कशी? व्याजासकट परत भरा. करखात्याचा माणूस टेप घेऊन आला आणि भर उन्हात अक्षरं मोजून गेला.

मेहुणा घरी आला तो चपला न काढताच बोलू लागला.

"दाजी, सुनावणीच्या आत खालचं नाव फूटभर करून द्या. रंग जुना दिसला पाहिजे, म्हणजे त्यांचं माप चुकलं म्हणता येईल."

सरळरेघेची कानशिलं तापली. "बिल दिलंय ते आहे तशा भिंतीचं. भिंत बदलली की बिल खोटं, आणि मी खोटा."

"आठ इंचांनी कोण खोटं होतं हो?"

"मी होतो."

बायको मधे पडली. भावाला म्हणाली, यांच्याशी वाद घालण्यापेक्षा भिंतीवर डोकं आपट, भिंत निदान गप्प तरी राहते. मग नवऱ्याकडे वळली आणि हलक्या आवाजात म्हणाली, तुमच्या अक्षरांपायी माझं माहेर तुटेल. त्याला ते लागलं. भिंतीला हात लावणार नाही, पण साहेबापुढं येऊन बोलेन, असं तो म्हणाला.

सुनावणीला तो धुतलेला सदरा घालून गेला. नखांतला निळा रंग काही निघाला नव्हता. साहेबानं मान वर न करता विचारलं, मोठं नाव कुणाचं? तो सावकाश बोलला.

"मोठं अक्षर कंपनीचं, ते माणसाला दुरून थांबवतं. छोटं अक्षर दुकानाचं, ते त्याला दारात आणतं. पंप विकला जातो तो दारात."

साहेबानं लिहून घेतलं. मेहुणा बाहेर येऊन पहिल्यांदाच हसला.

महिन्याभरानं आदेश आला. वजावट नामंजूर. त्यात सरळरेघेचं नाव होतं आणि शब्दही: मोठे अक्षर कंपनीचे असल्याचे रंगवणाऱ्यानेच मान्य केले आहे. तिथं पूर्णविराम.

"बुडवलंत मला," मेहुणा म्हणाला. "जीभ आहे की कुंचला?"

सरळरेघेनं त्या पूर्णविरामावर बोट ठेवलं. तीस वर्षांत त्यानं कुणाची भिंत अर्धी सोडली नव्हती. त्याच्या तोंडचं वाक्य मात्र एका शिकलेल्या माणसानं मधेच कापलं होतं आणि वर सही ठोकली होती.

अपिलाचे कागद करायला दोघं वकिलाकडे गेले. मेहुण्यानं बजावलं होतं, या खेपेला तोंड उघडायचं नाही. सरळरेघेनं ते पाळलं. काखेतला पुठ्ठा काढून त्यानं टेबलावर ठेवला. त्याची तिन्ही वाक्यं त्यावर लिहिलेली होती, सगळी अक्षरं एका मापाची.

वकील म्हणाला, एवढं मोठं फाईलमध्ये बसत नाही.

"मग फाईल मोठी आणा," सरळरेघ म्हणाला, आणि पुठ्ठ्यावरचा हात त्यानं उचलला नाही.