पक्क्या शाईची चिठ्ठी

दानीएल आढाव हा श्रीरामपूरजवळच्या आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्राच्या लॅबचा शिपाई. तीस वर्षं त्याचं मुख्य काम एकच, बरण्यांतल्या मेलेल्या जिवांवरचं स्पिरिट आटू द्यायचं नाही. समुद्र त्यानं आयुष्यात पाहिलेला नाही. तरी त्याचा सर्वांत लाडका जीव म्हणजे खोल समुद्रातला, मुठीएवढा ऑक्टोपस. डोक्याला कानांसारखे दोन पर. प्राणिशास्त्राच्या सूर्यभान सरांनी तो एका संशोधन जहाजावरून आणला होता. "याला अजून नाव नाही, दानीएल. कोणीतरी शोधत येईल, तोवर जप," असं सांगून सर निवृत्त झाले आणि पुढं वारलेही.

दोन वर्षांपूर्वी तपासणी समिती येणार म्हणून प्राचार्यांनी बरण्यांतल्या पिवळ्या चिठ्ठ्या बदलायला सांगितल्या. जुन्या सगळ्या पेन्सिलीनं लिहिलेल्या. आपल्याकडे पेन्सिल म्हणजे कच्चं आणि पेन म्हणजे पक्कं. दानीएललाही तेच वाटलं. चर्चमध्ये वचनं रंगवणारा त्याचा हात, अक्षर मोत्यासारखं. मी मराठीचा मास्तर, मला तरी काय कळतंय? कौतुकानं माझं जेल पेन दिलं. जुन्या चिठ्ठ्या त्यानं लॅबमागं जाळल्या. समिती खूश होऊन गेली, आणि महिन्याभरात स्पिरिटनं शाई खाल्ली. पेन्सिलीला मात्र स्पिरिट काही करत नाही, हे आम्हाला तेव्हा कळलं. बरण्यांत नुसते कोरे कागद उरले.

बेडकाचं काही अडलं नाही, बेडूक कोणालाही ओळखू येतो. पण गेल्या महिन्यात रेश्मा नावाची संशोधक खास ऑक्टोपससाठी आली. बरणी उजेडात धरून म्हणाली, "काका, हा नवीनच दिसतोय! कुठं सापडला? किती खोल?" ते कळल्याशिवाय त्याला नवं नाव देणं अवघड होतं.

दानीएलनं डोळे मिटले. "बाराशे मीटर... का एकवीसशे? मॅडम, मीच उतरवून घेतलं हुतं. लई आठवून बघतोय, पन येत न्हाई."

"सांगून टाक एकवीसशे," मी हळूच म्हणालो. मला राहवेना, पेन माझं होतं.

"ज्याला एवढं जपलं, त्याच्या नावावर खोटं कसं घालू, सर?" तो म्हणाला. मला माझीच लाज वाटली.

रेश्मानं एक कागद घेतला, पेन्सिल काढली आणि लिहिलं, 'ठिकाण माहीत नाही. खोली माहीत नाही.' दानीएलनं तो कागद स्वतःच्या हातानं बरणीत सोडला.

"हे न्हाई ना पुसायचं?" त्यानं विचारलं.

"नाही काका. हे नाही पुसायचं."